ताटाची डावी बाजू

सुशीलाबाईंच्या घरी ताट वाढलं जायचं ते डावीकडून. आधी चिमूटभर मीठ, मग लिंबाची फोड, मग चटणी. हे सगळं जागच्या जागी बसलं की मगच उजवीकडच्या भाजीला ताटात प्रवेश. एखाद्या पाहुण्यानं घाईघाईनं भाजी आधी मागितली तर त्या तोंडानं काही म्हणत नसत, पण त्यांच्या हातातला डाव हवेत तसाच थांबून राही आणि पाहुण्याला आपोआप समजे. भाजीचं काय, गवार महागली की बटाटा. घराची खरी ओळख ताटाच्या डाव्या बाजूला असते, असं त्यांचं ठाम मत होतं. चाळीस वर्षं पुण्यात काढूनही ते बदललं नाही. पुण्याचं मतही त्यांच्यामुळे बदललं नाही, ते सोडा.

दिग्रसहून त्या हडपसरला आल्या त्या लग्नानंतर, हिंमतरावांच्या मागोमाग. हिंमतराव तेव्हा पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नुकतेच चिकटले होते. सुशीलाबाईंच्या सामानात दोनच जड वस्तू होत्या, एक ट्रंक आणि एक लोखंडी खलबत्ता. ट्रंक एसटीच्या टपावर गेली. खलबत्ता जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतला. शेजारच्या बाईनं कौतुकानं 'किती महिन्यांचं आहे?' म्हणून विचारलं. ही गोष्ट हिंमतराव पुढं आयुष्यभर सांगत राहिले, आणि दर वेळी सुशीलाबाई पदर तोंडाला लावून पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसायच्या.

ससाणेनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत पहिल्याच आठवड्यात शेजारून आमटी आली. एक घास घेऊन सुशीलाबाईंचा चेहरा पडला. "अहो, या लोकायनं वरणात गूळ टाकला जी!"

"टाकतातच," हिंमतराव म्हणाले. "इथं माणसं तिखट बोलतात आन् गोड खातात. आपलं उलटं हाय."

मग खलबत्ता बाहेर निघाला. जवसाची चटणी, तिळाची, शेंगदाण्याची, कराळाची. कराळाला पुण्यात कारळं म्हणतात हे कळायला त्यांना चार दुकानं हिंडावी लागली. हिरव्या मिरचीचा ठेचा रोजचा आणि कवठाची चटणी त्या त्या दिवसांत. पण या सगळ्यांत पट्टराणी जवसाची. जवस कोरडं भाजायचं, तडतडायला लागलं की लगेच उतरवायचं, एक क्षण उशीर झाला की कडू. वाळल्या मिरच्या तेलाच्या बोटावर परतायच्या. मग लसूण, जिरं, मीठ, आणि कुटाई. मिक्सर घरात आला तरी तो चहाच्या मसाल्यापुरता राहिला. मिक्सरची चटणी म्हणजे त्यांच्या भाषेत भुगा.

आता यातली खुबी अशी, की सुशीलाबाई चटणी कधीच चाखून बघत नसत. सासूनं लावलेली शिस्त होती. देवाला नैवेद्य दाखवण्याआधी शिजवणाऱ्या बाईनं जीभ लावायची नाही. मग मीठ बरोबर पडलंय हे कळायचं कसं? वासावरून. सासू म्हणायची, "जिभेनं मीठ कुणालेही कळते. नाकानं कळलं पायजे." नवी सून वर्षभर रडली, आणि वर्षानंतर तिला कळायला लागलं. बत्ता थांबवून त्या खलावर वाकायच्या, डोळे मिटून एक श्वास घ्यायच्या, आणि एक तर आणखी चिमूट टाकायच्या किंवा 'झालं' म्हणायच्या. त्यांचं मीठ कधी चुकलं असं हिंमतरावांना सांगता येत नव्हतं. मार्केट यार्डात मिरचीवाले रहीमभाई त्यांना लांबून येताना पाहिलं की पोतं सोडून ठेवायचे. भाभी आधी देठ मोडणार, नाकाला लावणार, मग बोलणार, हे त्यांना पाठ होतं.

वर्षं गेली. मुलगा संतोष शिकला, आयटीत लागला आणि लग्न होऊन हिंजवडीला राहायला गेला, म्हणजे पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याच्या फ्रिजच्या दारात सॉस, मेयोनीज आणि शेजवान चटणीच्या बाटल्यांची पलटण उभी असे. सुशीलाबाईंनी एकदा ते दार उघडलं, पाहिलं आणि हळूच लावलं. सून नम्रता मनानं चांगली, तिच्याविरुद्ध बोलायला जागा नव्हती. रविवारी दोघं हडपसरला यायची तेव्हा संतोष भाकरीवर चटणी आणि तिच्यात तेलाची धार घेऊन बसायचा. तो रविवार सुशीलाबाईंना पुढचे सहा दिवस पुरायचा.

गल्लीत त्यांची आणखी एक चाहती होती. शर्मिला. माहेर बुधवार पेठेतलं, त्यामुळे जीभ धारदार. नोकरीवाल्या पोरांसाठी ती घरातच मेस चालवायची. मेसमधली पोरं निम्मी विदर्भातली, आणि पोळीभाजीपेक्षा सुशीलाबाईंच्या चटणीसाठी येणारी. शर्मिला तसं सांगायचीसुद्धा. "काकू, मी स्वयंपाक करते आणि नाव तुमचं होतं. चालू द्या."

असं सगळं चालू होतं, आणि मग करोनाची दुसरी लाट आली.

सुशीलाबाईंना ताप आला आणि त्या कोविड सेंटरला भरती झाल्या. हिंमतराव घरी एकटे, फोन उशाशी घेऊन. सेंटरमध्ये आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उचलून नेली जात होती आणि परत येत नव्हती. सुशीलाबाई परत आल्या, पण त्यांच्यातलं काहीतरी तिथंच राहिलं. खिडकीजवळ बसायच्या आणि बसूनच राहायच्या. चहा म्हणजे कोमट पाणी, भाकरी म्हणजे माती, साखर म्हणजे वाळू. सगळेच सांगत होते की चव जाते आणि येते. गल्लीत ज्यांची गेली होती त्यांची आलीही. सुशीलाबाईंची आली नाही. वासही नाही आणि चवही नाही.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. संतोषनं फोनवर विचारलं तर, "आली रे, आली." हिंमतरावांना, "आता बरं वाटते." कारण अगदी साधं होतं. त्यांना भीती वाटत होती. शाळा चौथीपर्यंत, गाणं येत नाही, विणकाम येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही. देवानं एक नाक दिलं होतं आणि त्या नाकाच्या जोरावर त्या या परक्या शहरात मान वर करून राहिल्या होत्या. ते गेलं म्हटल्यावर आपण कोण, हा प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता. हिंमतरावांना मात्र ते कळलं होतं. एकदा गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला, आणि सुशीलाबाई त्या धुराकडे पाठ करून शेजारीच लसूण सोलत बसल्या होत्या. हिंमतरावांनी न बोलता गॅस बंद केला, पातेलं घासून ठेवलं आणि मांजरानं दूध सांडलं म्हणून सांगितलं. मांजर बिचारं महिनाभर त्या घरात फिरकलं नव्हतं.

मग एके सकाळी सुशीलाबाई आपणहून उठल्या आणि जवस भाजायला घेतलं. तडतडण्याचा आवाज कानाला कळत होता, तेवढा आधार. मिरच्यांचा रंग डोळ्यांना दिसत होता. कुटून झाल्यावर सवयीनं खलावर वाकल्या, श्वास घेतला. काही नाही. चिमूटभर मीठ टाकलं, पुन्हा वाकल्या. काही नाही. आणखी एक चिमूट, आणखी एक. बत्ता हातात धरून त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. चाखून बघायचं तरी कशानं?

ताट वाढलं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी. हिंमतरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, तोंडात घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"कशी झाली जी?" सुशीलाबाईंनी विचारलं. कितीतरी दिवसांनी त्या काहीतरी विचारत होत्या, आणि उत्तरासाठी त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"बेस झाली," हिंमतराव म्हणाले. "एकदम बेस. तिखट लागलं थोडं, बाकी पयल्यासारखी."

सुशीलाबाईंचा चेहरा उजळला. त्या दिवशी त्यांनी दारात रांगोळी काढली. आणि एक गोष्ट केली. आज आपण किती मीठ घातलं ते आठवून आठवून त्यांनी तेवढं मीठ तळहातावर घेतलं आणि ते हाताच्या कोणत्या रेषेपर्यंत येतं ते नीट पाहून ठेवलं. नाक नाही तर नाही, आता हे माप. नवऱ्याच्या जिभेनं पास केलेलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चटणीला माप लावलं होतं, आणि ते माप खारट होतं. तोंडात धरवणार नाही इतकं खारट. हे एकट्या त्यांनाच माहीत नव्हतं.

खोटं बोलायला एक क्षण लागतो, निभवायला संसार लागतो. हिंमतरावांना रक्तदाबाचा त्रास जुनाच. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेली अपेक्षा नावाची डॉक्टरीण वयानं नातीसारखी, पण दटावायची आजीसारखी. "काका, मीठ तुमचा शत्रू आहे. लोणचं, पापड, चटणी बंद." हिंमतरावांनी यातून एक वाट काढली. घरी येऊन म्हणाले, "सुशीले, यापुढं भाजीत, वरणात मीठ टाकूच नको. डॉक्टरणीनं सांगितलं. ज्याले पायजे तो वरून घेईल." अशानं बाकीचा सगळा स्वयंपाक वाचला. मग धीर करून त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. "आन् चटणीतही थोडं कमी चालंन."

सुशीलाबाईंचा हात थांबला. "मीठ कमी टाकलं तर ते चटणी नाही राहत, भुगा होते. डॉक्टरीण नको म्हणते तर नकोच. मी बंद करतो कुटणं."

आणि खरंच बंद केलं. खलबत्ता धुऊन, पुसून, उलटा घालून ओट्याखाली गेला. त्या पुन्हा खिडकीजवळ जाऊन बसल्या. हिंमतरावांनी एक दिवस पाहिलं, दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दिशेनं चक्कर मारून आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "डॉक्टरणीले विचारून आलो. चटणी चालते म्हणे. तोंडी लावण्यापुरती. मीठ पयल्यासारखंच टाकलं तरी चालते." ते दवाखान्याची पायरीही चढले नव्हते. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिऊन परत आले होते. खलबत्ता बाहेर निघाला.

तोंडी लावण्यापुरती म्हणजे नखाएवढी, असं कुणीही समजेल. पण हिंमतराव ज्या घरात वाढले तिथं ताटातली डावी बाजू उरली तर वाढणाऱ्या बाईचा अपमान समजत. ते ताट पुसून खायचे. शेवटच्या तुकड्यानं चटणीची जागा लख्ख करायचे आणि ताट पुढं सरकवायचे. सुशीलाबाई त्या लख्ख जागेकडे बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी उमेदीनं तेवढीच वाढायच्या. स्वतः मात्र त्या दूधभाकरीवर उठायच्या, चवच नाही तर चटणी कशाला वाया घालवायची.

फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. हिंमतराव पाणी फार प्यायला लागले होते. जेवण झालं की पितळेचं फुलपात्र भरून प्यायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा प्यायचे. दुपारी झोपतानाही तांब्या उशाशी. "उंट झाले का जी तुम्ही?" त्या म्हणायच्या. "वय झालं, घसा सुकते," ते म्हणायचे. सुशीलाबाईंनी उन्हाळ्यात त्यांच्यासाठी माठात वाळा टाकायला सुरुवात केली. वाळ्याचा वास त्यांना येत नव्हता, पण हिंमतरावांना तरी येऊ दे.

त्याच सुमारास शर्मिलाची मेस पुन्हा सुरू झाली. सुशीलाबाई हौसेनं डबा भरून घेऊन गेल्या. चार दिवसांनी शर्मिला रिकामा डबा घेऊन आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "काकू, आता नका पाठवू. नवीन पोरं आहेत, त्यांना सगळ्यावर शेजवान लागतं. तुमची चटणी फुकट जायची." असं म्हणताना ती सुशीलाबाईंकडे बघत नव्हती. त्यांच्या मागं उभ्या असलेल्या हिंमतरावांकडे बघत होती. सुशीलाबाईंनी तो दिवस या पोरांच्या जिभांना नावं ठेवण्यात घालवला. मार्केट यार्डातही रहीमभाईंनी एकदा विचारलं, "भाभी, आज मिरचीला नाक नाही लावलं?" त्या म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास हाय भाऊ." रहीमभाई खूश झाले. रविवारी नम्रतानं चटणीचा पहिला घास घेतला आणि सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी मान किंचित हलवली. तिनं घास गिळला. पुढच्या रविवारपासून संतोषला अॅसिडिटी आणि नम्रताला उपवास.

दोन वर्षं अशी गेली. एका सकाळी हिंमतराव आंघोळीहून आले, बनियनमध्ये हात घालायला गेले, आणि हात वर जाईचना. तोंड एका बाजूला झुकलं. सुशीलाबाईंच्या हाकेनं गल्ली गोळा झाली. अपेक्षा डॉक्टरीण धावत आली, तिनं मोजलेला रक्तदाब मोठ्यानं सांगितला नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं, मेंदूत रक्तस्राव झाला होता. काही दिवस ते नुसते बघत राहिले. बोलता येत नव्हतं. सुशीलाबाई शेजारी बसून म्हणायच्या, "घरी चला, मी जवसाची कुटतो." ते डावा हात हलवायचे. हो म्हणत होते की नको, ते तेव्हा कळलं नाही. मग एके दिवशी तो हातही हलायचा थांबला.

तेराव्याला गच्चीवर मांडव घातला. दिग्रसहून भाऊबंद आले, हिंमतरावांचे धाकटे भाऊ भीमराव आले. स्वयंपाकाला आचारी होता. नम्रता म्हणत होती, "आई, तुम्ही नुसत्या बसा." सुशीलाबाई ऐकेनात. "त्यायच्या ताटात चटणी माझ्या हातची पायजे. आन् आपली माणसं गावाहून आली, त्यायच्या पानावरही तेच." नम्रतानं संतोषकडे पाहिलं, संतोषनं जमिनीकडे पाहिलं. आजच्या दिवशी त्यांना कोण काय सांगणार? सकाळपासून खलबत्त्याचा आवाज येत राहिला. मीठ त्यांनी तळहातावर त्याच रेषेपर्यंत घेतलं. हिंमतरावांनी ठरवून दिलेलं माप ते, त्यात आता बदल नाही.

हिंमतरावांच्या फोटोपुढं पहिलं पान मांडलं. पंगत बसली. खीर, वडे, कढी, भात. सुशीलाबाई एका कडेला खुर्चीवर बसल्या होत्या. जेवणं उरकली, माणसं हात धुवायला उठली, पत्रावळी उचलायला पोरं यायची होती. तेवढ्यात सुशीलाबाई उठून पंगतीतून चालायला लागल्या, काय हवं नको ते बघायची सवय म्हणून. पहिल्या पत्रावळीवर डावीकडे काळसर चटणी तशीच होती. एका कोपऱ्यात बोट लागल्याची खूण, बाकी सगळी तशीच. दुसऱ्या पत्रावळीवरही. तिसऱ्या, चौथ्या. त्या चालत राहिल्या. सगळ्या पंगतीत उजवी बाजू रिकामी आणि डावी बाजू भरलेली. भीमरावांचं पानही तसंच. भीमराव म्हणजे लहानपणी या चटणीसाठी भावाच्या ताटात हात घालणारा माणूस.

"भाऊजी, चटणी?"

"पोट भरलं वयनी," भीमराव म्हणाले आणि घाईनं हात धुवायच्या नळाकडे वळले. माणूस जन्मात कधी खोटं बोलला नव्हता, त्यामुळे त्याला ते जमलं नाही.

सुशीलाबाई शर्मिलाकडे आल्या. ती जिन्याजवळ पाण्याचे पेले गोळा करत होती. "शर्मिला, तू पुण्याची हायेस. तुमच्याकडे गोड बोलायची रीत नाही. खरं सांग. चटणीत काय झालं?"

शर्मिलानं पेले खाली ठेवले. "खारट आहे काकू."

"आजची?"

"नाही." तिनं ओले हात पुसले. "तुम्ही सेंटरमधून परत आल्यापासूनची."

"माझ्या माणसानं तर रोज..."

"माहीत आहे." शर्मिलाचा धारदार आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "तेव्हा मी डबा परत घेऊन आले ना, त्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला सांगायलाच निघाले होते. काका वाटेत भेटले. रस्त्यात उभं राहून त्यांनी माझ्यापुढं हात जोडले हो. म्हणाले, तिच्याजवळ आता एवढंच राहिलंय, हे नको काढून घेऊ. खाणारा मी आहे ना, मला चालतंय. मी काय बोलणार होते?"

"अजून कुणाले माहीत होतं?"

"सगळ्यांनाच काकू."

संतोष मागं येऊन उभा होता. "आई, डॉक्टर म्हणाल्यात, एका कारणानं असं होत नाही. वय होतं, टेन्शन होतं, बीपी तर जुनंच." तो बरोबरच सांगत होता. सुशीलाबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. मग म्हणाल्या, "एकानं सांगायचं होतं रे. मी रडली असती, भांडली असती. कुटणं सोडलं असतं. पण हा माणूस घरात बसला असता." इतकी वर्षं तिखट बोलणाऱ्या शहरात राहून, त्यांच्याशी तिखट बोलायला एकही माणूस धजावला नव्हता.

पाहुणे गेले. संतोष आणि नम्रता मांडववाल्याशी बोलायला खाली उतरले. दुपार कलली होती. सुशीलाबाई स्वयंपाकघरात एकट्याच होत्या. त्यांनी हिंमतरावांचं ताट काढलं. डावीकडे मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली, बरणीतली चटणी वाढली, ते संपवायचे तेवढीच. सकाळची भाकरी घेतली आणि पाटावर बसल्या. किती खारट आहे हे त्यांना कळायला हवं होतं. दोन वर्षं तो माणूस काय गिळत होता, तेवढं तरी.

घास घेतला. जिभेवर माती. दुसरा घेतला, चावला, तोंडात फिरवला, डोळे मिटून वाट पाहिली. माती. हिंमतरावांना कळत होतं ते त्यांना कळेना, आणि त्या वेळी त्यांना नवऱ्याचा राग आला, इतका की पुढचे घास त्यांनी रागानंच खाल्ले. चटणी संपली. शेवटच्या तुकड्यानं त्यांनी ती जागा पुसली, हिंमतराव पुसायचे तशी लख्ख. जिभेला शेवटपर्यंत काही कळलं नाही. ताट उचलून त्या मोरीत ठेवायला गेल्या.

ताट घासून झालं तेव्हा त्यांना तहान लागली. माठातून पितळेचं फुलपात्र भरून त्या प्यायल्या. खिडकीशी येऊन बसल्या, तर घसा पुन्हा कोरडा. उठून पुन्हा प्यायल्या. ओठ चिकटत होते. टाळूला कोरड पडली होती, जीभ टाळूवरून सुटत नव्हती. तिसऱ्यांदा माठाशी गेल्या आणि भरलेलं फुलपात्र हातात धरून तिथंच खाली बसल्या.

"अहो," त्या माठाकडे बघत म्हणाल्या, "एवढी?"

मग पाणी प्यायल्या, आणि पुन्हा भरून घेतलं.